ऊबपेटी चालू असूनही पीठ आंबत नाही तेव्हा

महाबळेश्वरात वेण्णा लेकच्या काठी दव गोठल्याची बातमी आली की सातारा परिसरात इडली-डोशाचं पीठ विकणाऱ्या घरांतून एकच तक्रार सुरू होते. पेटी रात्रभर चालू होती, आत हात घातला तर छान ऊब होती, डिस्प्लेवर ३० अंश दिसत होते, आणि तरी पहाटे पीठ जिथल्या तिथे. दोन दिवसांनी त्याच पेटीत, त्याच मापाचं पीठ डब्याबाहेर ओघळलेलं. मग कोणी उडीद डाळीला दोष देतं, कोणी पाण्याला, कोणी पेटी करून देणाऱ्याला. साताऱ्यात गोडोलीपासून करंज्यापर्यंत मी अशा पेट्या करून देतो आणि दुरुस्तही करतो, त्यामुळे ही तक्रार मला नीट माहीत आहे. बहुतेक वेळा पेटीचं सामान ठणठणीत असतं. पेटी हवेचं तापमान सांभाळत असते आणि पिठाच्या तापमानाकडे कोणाचंच लक्ष नसतं, सगळा घोळ तिथे असतो.

पेटी म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. थर्माकोलचा मोठा डबा, आत साधा तारेचा ४० वॅटचा बल्ब, त्यावर पत्र्याचं आवरण, आणि बल्ब चालू-बंद करणारा एसटीसी-१००० जातीचा तापमान नियंत्रक. त्याला वायरीच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर असतो, तो पेटीच्या आत सोडतात. परदेशात घरी बिअर करणारे लोक हाच नियंत्रक आणि हीच रचना वापरतात, त्यांच्या एल जातीच्या बिअरमधल्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश लागतात. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला जायचं कारण नाही. पण आंबवणारे जंतू बिअरमधले असोत की इडलीच्या पिठातले, त्यांना ठराविक ऊब तासन् तास एकसारखी लागते. म्हणून त्यांची युक्ती आपल्या कामाला जशीच्या तशी येते.

इडलीच्या पिठात सुरुवातीला जोर धरतात ते ल्युकोनोस्टॉक जातीचे जंतू. तेच आम्लही तयार करतात आणि पीठ फुगवणारा कार्बन डायऑक्साइडही. त्यांना २५ ते ३० अंश मानवतात. १५-१८ अंशांत ते मरत नाहीत, पण काम फार संथ होतं. उलट पीठ ३८-४० अंशांवर गेलं तर आंबटपणा वाढवणारे दुसरे जंतू पुढे जातात, त्यांच्याकडून वायू फारसा मिळत नाही. पीठ आंबट ढाण होतं आणि फुगत मात्र नाही. हे लक्षात ठेवा, कारण दोष ओळखायची पहिली खूण नाकालाच मिळते. पीठ फुगलं नाही आणि वासही कच्चा, ओल्या तांदळासारखा, तर ते गार राहिलं. फुगलं नाही पण वास झणझणीत आंबट, तर ते तापलं. वर आल्याची रेघ डब्याला दिसते आणि पीठ खाली बसलंय, तर ते वेळेत फुगलं होतं, तुम्ही उशिरा उघडलं. पृष्ठभागावर गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली तर चर्चा न करता टाकून द्या.

आता मुख्य मुद्दा. समजा ५ किलो पीठ आहे. पहाटे टाकीतल्या गार पाण्याने तांदूळ-डाळ भिजवली, रात्री वाटली, पीठ १८ अंशांवर आहे. त्याला ३० वर न्यायचं तर ४० वॅटच्या बल्बची सगळीच्या सगळी उष्णता पिठात शिरली तरी दीड तास लागतो. पण सगळी शिरत नाही. दीड फूट लांब-रुंद-उंच आणि इंचभर जाडीच्या थर्माकोल पेटीतून, आत ३० आणि बाहेर १५ अंश असताना, साधारण २० वॅट भिंतींतून बाहेर जातात. म्हणजे बल्बची अर्धी ताकद सातारच्या थंडीलाच जाते.

तरी हे चालून गेलं असतं. खरी अडचण अशी की सेन्सर हवेत लोंबकळत असतो. हवा हलकी, ती काही मिनिटांत ३० ला पोहोचते. नियंत्रकाला वाटतं काम झालं, तो बल्ब बंद करतो. हवा गार झाली की पुन्हा लावतो, पुन्हा बंद करतो. डिस्प्ले रात्रभर ३० दाखवतो. आणि आतलं पीठ त्या कोमट हवेतून हळूहळू ऊब घेत २८ वर यायला पाच-सहा तास काढतं. रात्री दहाला ठेवलं तर पहाटे चारला ते कुठे आंबायला लागतं, आणि सहाला तुमचं गिऱ्हाईक दारात असतं. मग पीठ वाहून गेलं तो दिवस कोणता? त्या दिवशी दुपारी वाटलेलं असतं, किंवा मिक्सरने पीठ आधीच तापवलेलं असतं. ते सुरुवातीलाच २७-२८ वर होतं, त्याला पूर्ण रात्र मिळाली. पेटी दोन्ही दिवस सारखीच चालली.

यावर पहिला उपाय सेन्सरची जागा. सेन्सर पातेल्याच्या किंवा डब्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटवा, पिठाच्या उंचीच्या मध्यावर, बल्बच्या विरुद्ध बाजूला. त्यावर थर्माकोलचा किंवा फोमचा हाताच्या पंजाएवढा तुकडा दाबून बसवा आणि पट्ट्याने किंवा चिकटपट्टीने घट्ट आवळा. तुकडा हवाच, नाहीतर सेन्सर एका बाजूने पातेलं मोजतो आणि दुसऱ्या बाजूने हवा, आणि तुम्ही पुन्हा मूळ पदावर. स्टीलचं भांडं असेल तर हे मोजमाप आतल्या पिठाच्या बरंच जवळ जातं. प्लास्टिकची बादली असेल तर ती उशिरा सांगते, म्हणून शक्यतो स्टीलच वापरा. सेन्सर थेट पिठात बुडवू नका. त्याच्या टोपणाच्या फटीत पीठ अडकतं, ते नीट धुता येत नाही, आणि पुढे सांगणार आहे तो ओलाव्याचा त्रास इथूनच सुरू होतो.

दुसरा उपाय स्वयंपाकघरातला आहे आणि माझ्या मते तो पहिल्याइतकाच मोलाचा. पीठ गार ठेवून पेटीवर भार टाकू नका. हिवाळ्यात वाटताना कोमट पाणी घाला, बोट सुखाने बुडवता येईल इतपतच. पीठ वाटून झाल्यावर तापमापी बुडवून बघा. २६ ते २८ दिसलं तर पेटीला फक्त ते टिकवायचं असतं, आणि त्यासाठी तिची ताकद भरपूर आहे. स्वयंपाकघरात वापरायची साधी डिजिटल तापमापी स्वस्तात मिळते. पीठ विकणाऱ्या प्रत्येक घरात ती असावी असं माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात याच्या उलट करा, मिक्सरने पीठ तापतं म्हणून पाणी गार घ्या.

माण-खटावकडच्या लोकांसाठी वेगळी सूचना. तिकडे कोरड्या हवेत दिवसा ऊन तापतं आणि रात्री पारा झपाट्याने उतरतो. संध्याकाळी पेटी लावताना बाहेर २५ असतात, सगळं झकास वाटतं, आणि पहाटे तीनला त्याच पेटीतून होणारी उबेची गळती दुप्पट-तिप्पट झालेली असते. पेटी जमिनीवर ठेवू नका, शहाबादी फरशी रात्रभर ऊब ओढते. खाली लाकडी पाट किंवा थर्माकोलचा तक्ता घाला, वरून जुनी गोधडी टाका. फक्त गोधडी बल्बच्या होल्डरपाशी किंवा नियंत्रकावर येता कामा नये.

आता बल्ब. काही तक्रारींत कोणीतरी ‘वीज वाचेल’ म्हणून ९ वॅटचा एलईडी लावलेला असतो. एलईडी कमी वीज खातो म्हणजेच कमी उष्णता देतो, इथे आपल्याला उष्णताच हवी आहे. झिरोचा बल्बही पुरत नाही. नाव झिरो असलं तरी तो १२ ते १५ वॅट खातो, पण वर सांगितलेली गळती २० वॅटची आहे. मार्गशीर्षात तो हरतो. आणि १०० वॅटचा लावू नका, त्याने बल्बसमोरची पातेल्याची बाजू भाजते, तिथे पीठ सुकून पापुद्रा धरतं. ४० चा एक किंवा २५ चे दोन. मला दोन आवडतात, कारण रात्री एक उडाला तरी निम्मी ऊब राहते आणि पीठ पूर्ण वाया जात नाही. तारेचे बल्ब आता प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, मिळाले की दोन-चार जास्त घेऊन ठेवा.

शेतपंपांच्या लाइनवर घर असेल तर अजून एक कारण तपासा. पंप चालू असताना व्होल्टेज १८० पर्यंत उतरलं तर ४० वॅटचा बल्ब दोन तृतीयांशच ताकद देतो, म्हणजे २७ वॅटच्या आसपास. उलट रात्री लोड कमी झाला की व्होल्टेज चढतं आणि बल्ब लवकर जातात. ‘एक दिवस होतं, एक दिवस होत नाही’ ही तक्रार वाडी-वस्तीवरून आली की मी आधी मल्टिमीटर लावतो. अशा ठिकाणी ४० चे दोन बल्ब बसवावेत. ताकद जास्त झाली तर नियंत्रक बंद करतोच, कमी पडली तर त्याच्या हातात काही नसतं.

जुना, भंगारात निघालेला फ्रिज मिळाला तर थर्माकोलच्या पेटीपेक्षा तो कितीतरी सरस. त्याच्या भिंतीत जाड फोम असतो, दाराला रबर असतं, धुवायला सोपा. गळती इतकी कमी होते की २५ वॅटचा बल्ब पुरतो. रबर फाटलेलं असेल तर मात्र ते आधी बदला. दारात कागद अडकवून ओढून बघा, सहज सुटून आला तर त्या जागी ऊब गळतेय. थर्माकोलची पेटी हवी असेल तर औषधांच्या होलसेल दुकानात विचारा, थंड ठेवायची औषधं त्यातूनच येतात आणि रिकामे डबे पडून असतात.

नवीन पेटी पहिल्याच दिवशी चालली नाही तर दोष वायरिंगमध्ये शोधा. एसटीसी-१००० च्या मागे आठ टर्मिनल असतात. १ आणि २ ला वीज, ३ आणि ४ ला सेन्सर, ५ आणि ६ तापवण्यासाठी, ७ आणि ८ गार करण्यासाठी. लोक ५-६ ला बल्बच्या दोन वायरी जोडतात आणि बल्ब लागत नाही म्हणून नियंत्रक परत करतात. ५-६ मध्ये वीज नसतेच, ते नुसतं आतलं बटण आहे, त्यालाच रिले म्हणतात. फेज एका टर्मिनलला द्यायचा, दुसऱ्यातून तो बल्बकडे न्यायचा, बल्बची दुसरी वायर न्यूट्रलला. बल्ब चुकून ७-८ वर जोडला तर धोका मोठा आहे. पेटी गार असताना बल्ब बंद राहतो, आणि एकदा का आतली हवा ठरवलेल्या आकड्याच्या वर गेली की बल्ब लागतो आणि पेटी तापतच जाते. नवीन पेटी पहिल्यांदा रिकामी, डोळ्यांसमोर दोन तास चालवून बघा, ती याच्यासाठीच. २२० व्होल्टचा नियंत्रकच घ्या. याच नावाचे १२ आणि २४ व्होल्टचेही मिळतात आणि खोका सारखाच दिसतो.

सेटिंगमध्ये एफ१ म्हणजे हवं ते तापमान, ते ३० ठेवा. एफ२ म्हणजे फरक. ३० ला १ फरक दिला तर बल्ब २९ ला लागतो आणि ३० ला बंद होतो. हा फरक ०.३ ठेवला की नेमकेपणा वाढतो असं वाटतं, पण सेन्सर हवेत असेल तर आतला रिले सतत टकटक करत राहतो. थंड तारेचा बल्ब लागतो त्या क्षणी नेहमीच्या दहापट करंट ओढतो, आणि असे झटके खाऊन रिलेचे संपर्क एक दिवस एकमेकांना चिकटतात. मग डिस्प्ले ४० दाखवतो, तापवण्याचा दिवा विझलेला असतो, आणि बल्ब मात्र जळतच असतो. हे दिसलं की नियंत्रक बदला, टिचकी मारून सोडवू नका. सेन्सर भांड्याला लावून फरक १ ठेवला तर रिले वर्षानुवर्षं टिकतो. एफ३ कॉम्प्रेसरच्या विलंबासाठी आहे, आपल्याला त्याचं काम नाही. एफ४ ने सेन्सरची चूक दुरुस्त करता येते, त्याचा उपयोग आता सांगतो.

काही महिने उत्तम चाललेली पेटी हळूहळू बिघडत गेली तर सेन्सरमध्ये ओलावा गेलाय हे जवळजवळ नक्की समजा. आतला घटक तापला की त्याचा विद्युत रोध कमी होतो, आणि नियंत्रक त्यावरून तापमान ओळखतो. २५ अंशांना हा रोध १० किलोओहम असतो. टोपणात पाणी शिरलं की पाण्यातून चोरवाट तयार होते, रोध कमी दिसतो, आणि नियंत्रकाला वाटतं पेटी तापलीय. डिस्प्ले ३३ दाखवतो, बल्ब लागत नाही, आत पीठ २२ वर. घरच्या घरी तपासणी सोपी आहे. स्टीलच्या ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घाला, ढवळा, सेन्सरचं टोक त्यात पाच मिनिटं धरा. शून्याच्या एक-दीड अंश इकडेतिकडे दिसलं तर एफ४ मध्ये तेवढी दुरुस्ती द्या. तीन-चार अंशांचा फरक असेल, किंवा आकडा डोळ्यांदेखत नाचत असेल, तर सेन्सर बदला, तो सुटा मिळतो आणि महाग नाही. डिस्प्लेवर ‘ईई’ आलं तर वायर तुटलीय किंवा टर्मिनलमधून सुटलीय. उंदीर हे त्याचं नेहमीचं कारण. नवीन सेन्सर बसवताना टोपणाच्या तोंडाशी सिलिकॉन भरा आणि सुकू द्या.

सुरक्षेच्या बाबतीत मी हट्टी आहे. थर्माकोल ८०-९० अंशांच्या पुढे मऊ पडतो आणि पेटही घेतो. बल्बची काच त्याहून कितीतरी जास्त तापते. म्हणून बल्ब पत्र्याच्या डब्यातच हवा, डब्याला वर-खाली भोकं पाडलेली, आणि पत्रा व थर्माकोल यात चार बोटं अंतर. या पत्र्याचा आणखी फायदा असा की बल्बची धग थेट पातेल्यावर पडत नाही. पत्र्याला अर्थिंग द्या. बल्बच्या फेज वायरीत ७० ते ८० अंशांना तुटणारा थर्मल फ्यूज टाका आणि तो पेटीच्या छताजवळ ठेवा. तो कनेक्टरने जोडा, सोल्डरिंग केलं तर तिथेच उडतो. रिले चिकटला तरी घर वाचवतो तो हा एवढासा तुकडा. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर ती बसवून घ्या, कारण ओघळलेलं पीठ आणि उघडा होल्डर एकाच पेटीत असणार आहेत. नियंत्रक पेटीच्या बाहेर, प्लास्टिकच्या खोक्यात, कमरेच्या उंचीवर. आणि डबा दोन तृतीयांशच भरा.

आत हवा फिरवायला कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा लहान पंखा लावला तर वरचा-खालचा फरक जातो. एकाच मोठ्या पातेल्यासाठी त्याची फारशी गरज नाही. दोन-तीन डबे एकावर एक असतील तर लावाच, नाहीतर वरचा डबा आंबून जातो आणि खालचा कच्चा राहतो, आणि सेन्सर एकाच डब्याचं ऐकतो. अशा वेळी सेन्सर मधल्या डब्याला लावा, डब्यांवर घट्ट झाकण ठेवा म्हणजे वाऱ्याने पीठ वरून सुकणार नाही.

याच पेटीत दही लावता येतं का, हे बरेच जण विचारतात. लावता येतं, पण पिठासोबत नाही. घट्ट दह्याला दूध ४० अंशांच्या आसपास हवं आणि चार-सहा तासांत काम होतं. पीठ त्या तापमानाला आंबट होऊन बसेल. दही दिवसा, पीठ रात्री, अशी वाटणी करा, आणि एफ१ चा आकडा बदलायचा राहू नये म्हणून तो पेटीवर खडूने लिहा.

लाइट गेली तर पेटी उघडू नका. भांड्याला लावलेला सेन्सर आणि २८ अंशांवर आलेलं ५ किलो पीठ असेल तर पीठ स्वतःच ऊब धरून ठेवतं, तासाभरात ते एखाद-दोन अंशच उतरतं. रात्रभर लाइट जाण्याची शक्यता असेल तर पेटीत जागा ठेवून पाण्याच्या दोन-तीन स्टीलच्या बाटल्या आधीपासूनच आत ठेवा, त्या पिठाबरोबर तापतात आणि नंतर ऊब परत देतात. लाइट बराच वेळ आली नाही तरच पेटी एकदा उघडून त्या काढा, कडक गरम पाण्याने भरा आणि पातेल्यापासून थोड्या लांब परत ठेवा. एसटीसी-१००० सेटिंग विसरत नाही, लाइट आली की तो जिथे होता तिथून काम सुरू करतो.